अल्झायमर : आजारामागचा शिक्षक

अल्झायमर हा आजार सर्वांना ठाऊक आहे. तो प्रथम नोंदवणारे जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर (१८६४-१९१५) उत्तम शिक्षकही होते. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांच्या विस्मरणाच्या त्यांनी तपशीलवार नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये त्या वारल्यावर त्यांचा मेंदू म्युनिकला मागवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींत गुंते, पेशींबाहेर प्रथिनांचे साठे दिसले. तिथल्या प्रयोगशाळेत ते प्रत्येक विद्यार्थ्याशेजारी बसून स्लाइड समजावत. याकोब आणि लेवी तिथेच शिकले. पुढे मेंदूविकारांच्या परिभाषेत त्यांचीही नावे आली. न्यूरोपॅथॉलॉजीच्या पोस्टिंगला आलेल्या निवासी डॉक्टरांना आम्ही आजही सांगतो : स्लाइडसोबत केसपेपर वाचा. असे साठे स्मरणशक्ती शाबूत असलेल्या वृद्धांच्या मेंदूतही सापडतात. नुसत्या स्लाइडवरून निदान चुकू शकते.