नामदेवांचा शोध : नर्सी ते घुमान

ज्ञानेश्वरांचे चरित्र ज्यांनी अभंगांतून सांगितले, त्या संत नामदेवांचे स्वतःचे चरित्र मात्र अभ्यासकांना आजही कोडे घालते.

हिंगोलीजवळचे, कयाधूकाठचे नर्सी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. परंपरेने जन्मशक ११९२, म्हणजे इ. स. १२७०. वडील दामाशेटी शिंपी, आई गोणाई, पत्नी राजाई. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांनी त्यांचे डोळे उघडले, अशी श्रद्धा आहे. काहींनी मात्र जन्माचा मान पंढरपूरला दिला, तर काहींनी ही नर्सी कऱ्हाडकडे शोधली.

वाद केवळ गावाचा नाही, काळाचाही आहे. डॉ. रा. गो. भांडारकरांना नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरीपेक्षा बरीच अर्वाचीन वाटली. म्हणून त्यांनी नामदेवांना सुमारे शतकभर पुढे आणले. त्यात सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीची भर पडली. दोघांचीही नाममुद्रा 'नामा'! गाथेतील कोणता अभंग कोणाचा, हे ठरवायचे कसे?

येशू ख्रिस्तांच्या चरित्रासंबंधी युरोपात दोन शतकांहून अधिक काळ असाच शोध चालू आहे. तेथेही शुभवर्तमाने त्यांच्यामागून काही दशकांनी लिहिली गेली, आणि श्रद्धेच्या थरांखालचा माणूस विद्वान शोधत राहिले.

पण भाषेचा पुरावा जपूनच वापरावा लागतो. ज्ञानेश्वरी पोथीत राहिली, तरी तिच्यात पाठभेद शिरले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. नामदेवांचे अभंग तर कीर्तनात, माणसांच्या ओठांवर राहिले. गाणाऱ्याने जुना शब्द आपल्या काळाचा करून घेतला असेल, तर भाषा नवी म्हणून कवीही नवा ठरत नाही.

मराठी मुलखाबाहेर एक भक्कम खूण सापडते. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मारक असून २०१५ चे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले.

परंपरा त्यांची समाधी शके १२७२ मध्ये, पंढरपूरच्या महाद्वारी, पायरीखाली सांगते. ज्या कीर्तनाने नामदेवांना सात शतके जिवंत ठेवले, त्यानेच त्यांच्या मूळ शब्दांवरून हात फिरवला. संशोधकांची अडचण ती हीच. वारकऱ्यांची पुंजीही तीच.