लुप्त भाषांचे व्याकरण उलगडणारे प्राध्यापक

सांगली आणि मिरज या दोन गावांच्या दरम्यान असलेले विलिंग्डन महाविद्यालय डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली सुरू केले. सांगली ही त्या काळी पटवर्धन संस्थानिकांची राजधानी होती आणि भोवतालचे तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. पुढे १९४९ मध्ये संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या परिसरातील तरुणांना उच्च शिक्षणाची दारे उघडणाऱ्या या महाविद्यालयात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात संस्कृत आणि तत्संबंधित भाषांचे एक प्राध्यापक होते. पॅरिस विद्यापीठाची डी. लिट. त्यांच्यापाशी होती, पाली व अर्धमागधीवर त्यांचे प्रभुत्व होते आणि तिबेटी ग्रंथ ते मुळातून वाचत. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य हे त्यांचे नाव. प्राच्यविद्येच्या जगात ते प. ल. वैद्य म्हणून ओळखले जातात.

वैद्य यांचा जन्म १८९१ सालचा. पाली आणि बौद्ध वाङ्मय यांचा अभ्यास महाराष्ट्रात नव्याने रुजत असतानाच ते विद्यार्थिदशेत होते. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ मध्ये झाली. संस्कृतच्या पलीकडेही भारतीय विद्येचे मोठे भांडार आहे, ही जाणीव त्या पिढीत निर्माण झाली होती. वैद्य यांनी कलकत्ता विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविली आणि पुढील संशोधनासाठी पॅरिस गाठले.

तेथे त्यांनी निवडलेला विषय अवघड होता. नागार्जुनाचा शिष्य आर्यदेव याने ‘चतुःशतक’ नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. सोळा प्रकरणे आणि चारशे कारिका असलेल्या या ग्रंथाचे मूळ संस्कृत रूप काळाच्या ओघात नाहीसे झाले. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१४ मध्ये त्याचे काही तुटक अंश प्रसिद्ध केले. संपूर्ण ग्रंथ मात्र केवळ तिबेटी भाषांतराच्या रूपाने शिल्लक होता, तर उत्तरार्धाचे ह्युएन त्संगने केलेले चिनी भाषांतर उपलब्ध होते. वैद्य यांनी आठव्या ते सोळाव्या प्रकरणांचा तिबेटी पाठ घेतला, त्यावरून संस्कृत कारिका पुन्हा रचल्या आणि फ्रेंच भाषांतरासह हा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध केला.

भाषांतरावरून मूळ ग्रंथ उभा करता येतो, याचे कारण तिबेटी भाषांतरकारांच्या शिस्तीत आहे. नवव्या शतकात त्यांनी ‘महाव्युत्पत्ति’ हा पारिभाषिक शब्दांचा कोश सिद्ध केला. कोणत्या संस्कृत संज्ञेसाठी कोणता तिबेटी शब्द वापरावयाचा, हे त्यामुळे बव्हंशी निश्चित झाले. तिबेटी शब्द दिसला की त्यामागचा संस्कृत शब्द अभ्यासकाला ओळखता येतो. तथापि शब्द कळला म्हणून श्लोक कळत नाही. वृत्तात बसविण्यासाठी कवीने शब्दांचा क्रम कसा ठेवला असेल, दोन पर्यायांपैकी कोणता निवडला असेल, हे भाषांतर सांगत नाही. म्हणूनच अशा पुनर्रचनेला अनुमानाची मर्यादा असते. विश्वभारतीचे विधुशेखर भट्टाचार्य यांनी १९३१ मध्ये हीच प्रकरणे नव्याने संपादित केली. वैद्य यांचे काम अंतिम ठरले नाही. त्यावर पुढचे काम उभे राहिले, हेच त्याचे यश मानावे लागेल.

लुप्त भाषेच्या अभ्यासाची ही पद्धत जगात अन्यत्रही दिसते. चीनच्या वायव्येकडील तांगुत राज्य १२२७ मध्ये मंगोलांनी बुडविले आणि कालांतराने त्याची भाषाही नष्ट झाली. रशियन प्रवासी कोझलोव्ह याला १९०९ साली खारा-खोतो या उजाड नगरात तांगुत ग्रंथांचा प्रचंड साठा सापडला. त्यात चिनी आणि तिबेटीतून भाषांतरित केलेली बौद्ध सूत्रे होती, तसेच ११९० सालचा एक तांगुत-चिनी शब्दसंग्रहही होता. परिचित सूत्राशी अपरिचित पाठ ताडून पाहत विद्वानांनी त्या भाषेचे व्याकरण जुळविले. त्या कामात अग्रेसर असलेल्या निकोलाय नेव्हस्की यांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे संशोधन १९६० साली ग्रंथरूपाने प्रकाशात आले.

सांगलीला असताना वैद्य ज्या भाषांकडे वळले, त्यांचे महाराष्ट्राशी नाते अधिक जवळचे होते. जैन आगमांची अर्धमागधी आणि मध्ययुगीन जैन काव्यांची अपभ्रंश या त्या भाषा. ‘सूयगडं’ या आगमाची त्यांची आवृत्ती १९२८ मध्ये निघाली. त्याच वर्षी हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणाचेही त्यांनी संपादन केले. ‘उवासगदसाओ’ १९३० साली आले. प्रस्तावना, टिपा आणि शब्दकोश जोडलेल्या या आवृत्तीमुळे शिक्षकाच्या मदतीविनाही आगमाचे वाचन करणे विद्यार्थ्याला शक्य झाले.

अपभ्रंशाची कथा विलक्षण आहे. या भाषेचे व्याकरण उपलब्ध होते, परंतु तिचे ग्रंथ दिसत नव्हते. बाराव्या शतकात गुजरातमध्ये हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात अपभ्रंशासाठी शंभराहून अधिक सूत्रे लिहिली आणि उदाहरणादाखल दोहे दिले. जर्मन पंडित पिशेल यांनी १९०२ मध्ये अपभ्रंशाची सामग्री एकत्र केली, तेव्हा त्यांना मुख्यतः या दोह्यांवरच विसंबावे लागले. १९१८ मध्ये याकोबी यांनी ‘भविसत्तकहा’ हे संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले आणि चित्र पालटले. पाठोपाठ विदर्भातील कारंजा येथील जैन भांडारांतून अपभ्रंश हस्तलिखिते उजेडात आली. प्रा. हिरालाल जैन यांनी त्यांचा पाठपुरावा केला आणि कारंजा जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ वैद्य यांच्या संपादनाखाली १९३१ साली प्रकाशित झाले.

अशा संपादनात एक मोह असतो. हस्तलिखितातील रूप हेमचंद्राच्या सूत्राशी जुळले नाही, तर ते लेखनिकाची चूक समजून दुरुस्त करावे, असे वाटते. परंतु पुष्पदंत हेमचंद्राच्या आधी सुमारे दोन शतके होऊन गेला होता. नंतरच्या व्याकरणाच्या मापाने आधीच्या कवीला कापले, तर भाषेचा खरा पुरावाच नाहीसा होतो. त्यामुळे सूत्रांवरून ग्रंथ वाचावयाचा आणि ग्रंथांवरून सूत्रे पुन्हा तपासावयाची, असा दुहेरी प्रवास संपादकाला करावा लागतो.

मराठी वाचकाला या भाषेत ओळखीच्या खुणा सापडतात. संस्कृत ‘नरः’ अपभ्रंशात ‘नरु’ होतो. ज्ञानेश्वरीतील ‘देवु’ हे रूप याच वळणाचे आहे. दोन स्वरांमधील ‘म’चा सानुनासिक ‘व’ होण्याची प्रवृत्ती हेमचंद्राने नोंदविली आहे. ‘ग्राम’चे ‘गाव’ होण्याचा मार्ग त्यातूनच उलगडतो. मराठीच्या घडणीचा मधला दुवा या विस्मृत काव्यांत दडलेला होता.

पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात आल्यावर वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘महापुराण’ हाती घेतले. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत, भरत नामक मंत्र्याच्या आश्रयाने, इ. स. ९६५ मध्ये पूर्ण झालेले हे १०२ संधींचे महाकाव्य आहे. मान्यखेट म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड. वैद्य यांच्या संपादनाचे तीन खंड १९३७, १९४० आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. याच काव्यातील हरिवंशाचा भाग जर्मनीत लुडविग आल्सडोर्फ यांनी १९३६ साली संपादित केला होता. संपूर्ण काव्य मात्र वाचकांना वैद्य यांच्यामुळे मिळाले.

त्यानंतर ते बनारस हिंदू विद्यापीठात आणि पुढे दरभंगा येथील मिथिला संशोधन संस्थेत गेले. तेथे १९५८ पासून त्यांनी बौद्ध संस्कृत ग्रंथावली सिद्ध केली. ‘ललितविस्तर’, ‘सद्धर्मपुंडरीक’, ‘बोधिचर्यावतार’, ‘लंकावतार’ हे ग्रंथ त्यात आले. यांपैकी कित्येकांच्या आवृत्त्या पूर्वी सेंट पीटर्सबर्गसारख्या ठिकाणी निघाल्या होत्या आणि भारतात दुर्मिळ होत्या. वैद्य यांचे पाठ पुष्कळदा या जुन्या आवृत्त्यांवर आधारलेले आहेत, नव्या हस्तलिखितांच्या शोधावर नाहीत, हे मान्य करावे लागते. तरीही बौद्ध ग्रंथ देवनागरीत, भारतीय विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे कार्य त्यांनी केले.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील कर्णपर्वाचे त्यांचे संपादन १९५४ मध्ये पूर्ण झाले होते. सुखटणकर आणि बेलवलकर यांच्यानंतर या प्रकल्पाच्या प्रधान संपादकपदाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९६६ साली आवृत्ती पूर्ण झाली. सत्तरीच्या उंबरठ्यावर इतरांनी विश्रांती घेतली असती. वैद्य यांनी हरिवंशाची चिकित्सक आवृत्ती हाती घेऊन ती १९६९ आणि १९७१ मध्ये दोन खंडांत पूर्ण केली. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबरच पाली आणि प्राकृत या भाषांनाही अभिजात दर्जा दिला. दर्जा सरकार देऊ शकते. भाषा वाचणारा माणूस मात्र वर्गातच घडवावा लागतो आणि त्याच्या हाती विश्वासार्ह पाठ, टिपा व शब्दकोश द्यावे लागतात. सांगलीच्या महाविद्यालयातील या प्राध्यापकाने हे काम जवळपास एक शतकापूर्वी सुरू केले होते. त्यांच्या अपभ्रंश आवृत्त्या उघडल्याशिवाय मराठीच्या पूर्वेतिहासाचा अभ्यास आजही पुरा होत नाही.