'गुलामगिरी'चे पहिले पान : जोतीराव फुले आणि अमेरिका

एप्रिल आला की आपल्या अंबाजोगाईत 11 तारखेला जोतीरावांच्या आणि 14 तारखेला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातले जातात. 'गुलामगिरी' या पुस्तकाचे नाव सगळ्यांना पाठ असते. पण ते कोणाला अर्पण केले आहे, असे विचारले की बरेच कार्यकर्ते एकमेकांकडे पाहू लागतात.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. घरी फुलांचा धंदा. मुलाची शाळा मध्येच सुटली होती. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांना, गोविंदरावांना, समजावले म्हणून ते पुन्हा शिकू लागले. 1847 च्या सुमारास टॉमस पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. पेन जन्माने इंग्रज, पण अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजवणारे. जन्मावरून कोणी राजा होतो, हेच त्यांना मान्य नव्हते. पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. त्याच 1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवू लागल्या आणि दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले.

आता अमेरिकेकडे वळू. सर्व माणसे समान आहेत, असे तिथल्या पुढाऱ्यांनी 1776 मध्ये जाहीर केले. तो जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसन यांच्याच मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. 1787 च्या राज्यघटनेत तर प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला. मत त्यांना नव्हतेच. त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जास्त जागा मिळाल्या. पुढे यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली, 1865 मध्ये गुलामी कायद्याने संपली आणि 1870 मध्ये वर्णावरून मत नाकारण्यास बंदी आली.

तीनच वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले. पुस्तक मराठी, अर्पणपत्रिका इंग्रजी. गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रातिशूद्रांसाठी तसेच करावे, अशी इच्छा नोंदवली. समतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्यांचा नव्हे, बेड्या तोडणाऱ्यांचा हा मान होता. माझ्या मते पुस्तकातली निम्मी धार तिथेच आहे.

त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. 1876 ते 1882 जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारने नेमलेले. ज्यांच्या बाजूने ते बोलत, त्या कष्टकऱ्यांना मतच नव्हते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर 1000 रुपये उधळायचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधात एकट्या जोतीरावांचे मत पडले. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. ती लागू झाली असती तरी आपल्या अंबाजोगाईपर्यंत पोचली नसती, कारण इथे निजामाचे राज्य होते. 1888 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला तेव्हा 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी डाव्या हाताने लिहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले.

1946 मध्ये बाबासाहेबांनी शूद्रांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. त्यानंतर राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत अंबाजोगाईच्या दलित वस्त्यांतली माणसेही मतदानाच्या रांगेत उभी राहिली.