व्ही. के. कृष्ण मेनन

वेंगालील कृष्णन कृष्ण मेनन (३ मे १८९६ – ६ ऑक्टोबर १९७४) हे भारतीय राजनैतिक अधिकारी, संसदपटू आणि १९५७ ते १९६२ या काळात भारताचे संरक्षणमंत्री होते. मुंबईच्या उपनगरांचा समावेश असलेल्या उत्तर मुंबई मतदारसंघातून ते दोनदा लोकसभेवर निवडून आले. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. या पराभवाची जबाबदारी त्यांच्यावर कितपत येते, याविषयी अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत.

पूर्वायुष्य आणि इंग्लंडमधील कार्य

मेनन यांचा जन्म मलबारमधील एका सधन नायर कुटुंबात झाला. त्यांचे वडील वकील होते. कोझिकोड आणि मद्रास येथे शिक्षण घेत असताना ते ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीकडे ओढले गेले. १९२४ मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले व १९३४ मध्ये ते बॅरिस्टर झाले. इंडिया लीग या संस्थेचे सचिव म्हणून त्यांनी भारतीय स्वातंत्र्याची बाजू ब्रिटिश जनतेपुढे सातत्याने मांडली. पेलिकन या ग्रंथमालेचे ते आरंभीचे संपादक होते. लंडनमधील सेंट पँक्रस भागाचे नगरसेवक म्हणून त्यांनी १९३४ ते १९४७ अशी तेरा वर्षे काम केले. याच काळात जवाहरलाल नेहरू यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि पुढे त्यांच्या उत्कर्षाला व अपकर्षालाही तोच कारण ठरला.

उच्चायुक्त आणि संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी

स्वातंत्र्यानंतर १९४७ ते १९५२ या काळात ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. काश्मीरमधील मोहिमेसाठी १९४८ मध्ये त्यांनी नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून जीपगाड्यांच्या खरेदीचा करार केला. प्रत्यक्षात फार थोड्या गाड्या हाती आल्याने मोठा गदारोळ उठला. सरकारने १९५५ मध्ये हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, तरी त्याची छाया मेनन यांच्यावर कायम राहिली. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. संयुक्त राष्ट्रांत कोरियातील युद्धकैद्यांचा प्रश्न आणि सुएझ पेचप्रसंग यांत त्यांनी मध्यस्थाची भूमिका बजावली. हंगेरीच्या प्रश्नावर मात्र सोव्हिएत संघाला झुकते माप दिल्याची टीका त्यांना सोसावी लागली. जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरविषयी त्यांनी सुमारे आठ तास भाषण केले. त्या भाषणाने देशात त्यांची लोकप्रियता शिगेला पोहोचली.

संरक्षणमंत्रिपद

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईत मेनन यांनी प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस यांचा पराभव केला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे काँग्रेसविरोधी वातावरण असतानाही त्यांना हे यश मिळाले. त्याच वर्षी ते संरक्षणमंत्री झाले. शस्त्रास्त्रांचे उत्पादन देशातच व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५८ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना स्थापन झाली. शक्तिमान मालमोटारी आणि मरुत लढाऊ विमान यांचे कामही त्यांच्याच कारकिर्दीत मार्गी लागले. सैनिकी शाळांची योजना याच काळातील असून देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाली.

सेनाधिकाऱ्यांशी मात्र त्यांचे संबंध बिघडत गेले. त्यांची तिखट वाणी आणि बढत्यांच्या बाबतीतील हस्तक्षेप यांमुळे सरसेनापती थिमय्या यांनी ऑगस्ट १९५९ अखेरीस राजीनामा दिला. नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनी तो मागे घेतला. पूर्व विभागाचे सेनापती, महाराष्ट्राचे सुपुत्र लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात यांनी चीनच्या संभाव्य आक्रमणाविषयी इशारा देणारी संरक्षण-योजना सादर केली होती. मेनन यांनी ती गांभीर्याने घेतली नाही, असे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. मेनन यांचे लक्ष प्रामुख्याने पाकिस्तानकडे होते. डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाई होऊन गोवा मुक्त झाला, तेव्हा त्यांचे राजकीय वजन आणखी वाढले.

१९६२ : निवडणूक आणि युद्ध

फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. परस्परभिन्न विचारांच्या अनेक विरोधी पक्षांनी कृपलानी यांना पाठिंबा दिला. चीनच्या सीमेवरील सरकारचे दुर्लक्ष हा प्रचाराचा एक प्रमुख मुद्दा होता. नेहरूंनी स्वतः मेनन यांचा प्रचार केला. चित्रपट अभिनेते दिलीपकुमारही त्यांच्यासाठी सभांतून बोलले. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांच्या फरकाने विजयी झाले.

त्यानंतर आठच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने लडाख आणि ईशान्य सीमा प्रदेशात आक्रमण केले. हिवाळी कपडे, शस्त्रे आणि रस्ते यांची उणीव उघडी पडली. काँग्रेस खासदारांनीच मेनन यांच्या राजीनाम्याची मागणी लावून धरली. ३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खाते स्वतःकडे घेतले व मेनन यांच्याकडे केवळ संरक्षण उत्पादन ठेवले. परंतु तेवढ्याने असंतोष शमला नाही. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांच्यानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपद स्वीकारले.

उत्तरायुष्य

१९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून उमेदवारी नाकारली. ते पक्षाबाहेर पडले आणि ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसचे उमेदवार माजी सनदी अधिकारी स. गो. बर्वे होते. नव्यानेच स्थापन झालेल्या शिवसेनेने बर्वे यांचा प्रचार केला आणि मेनन यांचे परप्रांतीय असणे हाही निवडणुकीचा मुद्दा झाला. मेनन थोड्या मतांनी पराभूत झाले. बर्वे यांचे अल्पावधीतच निधन झाले. पोटनिवडणुकीत बर्वे यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांचा पराभव केला. पुढे १९६९ मध्ये मिदनापूर आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रम येथून ते लोकसभेत परतले. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

पराभवानंतर मेनन हेच त्याचे एकमेव कारण असल्याची भावना देशभर पसरली. पुढील संशोधनाने हे चित्र बरेच गुंतागुंतीचे केले आहे. सीमेवर पुढे चौक्या उभारण्याचे धोरण त्यांच्या एकट्याचे नव्हते. पंतप्रधान, गुप्तवार्ता विभाग आणि सेनामुख्यालय यांचाही त्यात सहभाग होता. संरक्षणखर्चावर परकीय चलनाच्या टंचाईची मर्यादा होती. नोव्हेंबरच्या मध्यास से ला आणि बोमदिला येथे झालेली मोठी पीछेहाट मेनन यांनी पद सोडल्यानंतरची आहे. त्याचबरोबर ती सेना कोणत्या सज्जतेनिशी आणि कोणाच्या नेतृत्वाखाली लढली, हे मेनन यांच्या साडेपाच वर्षांच्या कारकिर्दीत ठरले होते, हेही नाकारता येत नाही. इशारे देणाऱ्यांना दूर सारणे आणि मर्जीतील अधिकाऱ्यांना जवळ करणे हे त्यांच्यावरील आक्षेप अनेक सेनाधिकाऱ्यांच्या आठवणींतून पुढे आले आहेत.

युद्धाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स समितीचा अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. चव्हाण यांनी त्याविषयी संसदेत निवेदन केले. परंतु सरकारने मूळ अहवाल प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी उघड केला. समितीचे काम लष्करी बाबींपुरते मर्यादित असल्याने राजकीय नेतृत्वाच्या दोषाची अधिकृत छाननी झालीच नाही. जयराम रमेश यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात कागदपत्रांच्या आधारे मेनन यांची बुद्धिमत्ता आणि त्यांचे स्वभावदोष या दोहोंची नोंद घेतली आहे. संरक्षण उत्पादनाचा पाया घालणारा मंत्री आणि युद्धाच्या पूर्वतयारीत कमी पडलेला मंत्री ही दोन्ही वर्णने एकाच व्यक्तीला लागू पडतात. त्यांपैकी एक पुढे करून दुसरे झाकणारा कोणताही निवाडा अपुरा ठरतो.