संगीताचे दार उघडणारे विष्णू दिगंबर

आज एखाद्या मुलास अथवा मुलीस गाणे शिकण्याची इच्छा झाली, तर ती पुरी होणे फारसे कठीण नाही. लहानशा गावातही एखादा संगीतवर्ग असतो. ठरलेल्या वेळी तेथे जावे, ठरलेले शुल्क द्यावे, क्रमाक्रमाने शिकावे आणि वर्षाअखेरीस परीक्षेस बसावे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र अशी स्थिती नव्हती. गायनविद्या त्या काळी मोजक्या घराण्यांच्या हाती राहिली होती. ती मिळवावयाची तर शिष्याने गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा करावी आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा, मिळेल तेवढे वेचून घ्यावे, अशी रीत होती. गवई राजेरजवाड्यांच्या आश्रयाने राहत. लोक त्यांचे गाणे आवडीने ऐकत. पण आपल्या मुलाने गवई व्हावे, असे फारच थोड्या घरांत कोणास वाटे. ही स्थिती पालटावी म्हणून ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर होत.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे त्या वेळी एका लहानशा संस्थानाचे गाव होते. विष्णूचे वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळ-मृदंगाचा नाद आणि संतांची पदे विष्णूच्या कानांवर पाळण्यापासूनच पडली. वडिलांच्या कीर्तनात तो मागे उभा राहून सूर धरी. त्याचा आवाज गोड होता. पण त्याने गवई व्हावे, असे कोणी ठरविले नव्हते. तो इतर मुलांसारखा शाळेत जात होता.

कुरुंदवाडजवळच कृष्णाकाठी नरसोबाची वाडी आहे. तेथे दत्तजयंतीचा मोठा उत्सव होतो. अशाच एका उत्सवात शोभेची दारू उडत असताना ती विष्णूच्या चेहऱ्याजवळ फुटली. मुलाचा जीव वाचला. परंतु दोन्ही डोळ्यांस जबर इजा झाली. उपचारांसाठी त्यास मिरजेस नेण्यात आले. तेथील डॉक्टर भडभडे यांनी त्याच्या डोळ्यांवर उपाय केले; पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. पुस्तक वाचणे कठीण झाले आणि शाळा सुटली. आता या मुलाचे पुढे कसे व्हावे, ही घरच्यांपुढे मोठी चिंता उभी राहिली. मुलाचा गळा चांगला आहे, तर त्यास गाणे शिकवावे, असा विचार पुढे आला. मिरजेच्या अधिपतींनी त्याच्या शिक्षणाची सोय केली आणि पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती त्यास सोपविले.

बाळकृष्णबुवा हे मोठे अधिकारी गायक होते. त्यांनी ऐन तारुण्यात उत्तरेकडे जाऊन, अनेक हालअपेष्टा सोसून, ग्वाल्हेरच्या गायकीची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून मिळविली होती आणि ती महाराष्ट्रात आणली होती. अशा गुरूजवळ विष्णूची तालीम सुरू झाली. पहाटे उठावे, तंबोरा जुळवावा आणि एकेक स्वर स्थिर होईपर्यंत घोकावा, हा त्याचा नित्यक्रम झाला. जे डोळ्यांनी वाचता येत नव्हते, ते कानांनी टिपून घ्यावे आणि मनात साठवून ठेवावे, याची त्यास सवय लागली. अशी सुमारे नऊ वर्षे गेली. मंद दृष्टीचा तो मुलगा आता एक तयारीचा तरुण गायक झाला.

याच काळात घडलेली एक गोष्ट त्यांच्या चरित्रात सांगतात. मिरजेत एक समारंभ होता. गावातील मान्यवरांना आमंत्रणे गेली. विष्णूपंतांनाही संस्थानाच्या कृपेतील म्हणून आमंत्रण आले. त्यांच्या गुरूंना मात्र कोणी बोलाविले नाही. विष्णूपंतांनी चौकशी केली, तेव्हा गवयास कोण बोलावतो, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्यांच्या विद्येपुढे आपण रोज मस्तक नमवितो, त्यांची समाजात ही किंमत! हा विचार त्यांच्या मनास फार लागला. गाणाऱ्यास मान नाही, तोवर गाण्यासही मान नाही, हे त्यांस कळून चुकले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

मिरजेस राहते, तर पोटापाण्याची चिंता त्यांस पडली नसती. पण तो आसरा सोडून ते प्रवासास निघाले. औंध, सातारा, बडोदा अशी गावे करीत ते सौराष्ट्रात पोहोचले. तेथे त्यांनी एक नवीनच गोष्ट केली. राजवाड्यातील बैठकीऐवजी सर्वांसाठी जाहीर जलसा ठरविला आणि त्यास तिकीट लावले. ज्यास गाणे ऐकावयाचे असेल, त्याने पैसे देऊन यावे व मानाने बसून ऐकावे; गाण्यासाठी कोणा एकाची मर्जी राखण्याचे कारण पडू नये, हा त्यामागील विचार होता. पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत, ठिकठिकाणची विद्या डोळसपणे न्याहाळीत ते पंजाबात गेले.

५ मे १९०१ रोजी लाहोर शहरात त्यांनी ‘गांधर्व महाविद्यालय’ स्थापन केले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. याआधी संगीताची शाळा मुळीच नव्हती, असे नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली अशी शाळा काढली होती. परंतु विष्णू दिगंबरांच्या पाठीशी कोणतीही राजसत्ता नव्हती. लोकांकडून वर्गण्या मिळवून आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न ओतून ही शाळा चालावयाची होती. परका प्रांत, परकी भाषा आणि जवळ साठविलेला पैसा नाही, अशी ती सुरुवात होती. पहिले काही दिवस एकही विद्यार्थी आला नाही, असे सांगतात. तरीही पंडितजी ठरल्या वेळी वर्गात बसत, तंबोरा जुळवीत आणि वेळ संपेपर्यंत स्वतःच गात. शाळेची वेळ म्हणजे शाळेची वेळ. शिकणारा आला नाही म्हणून ती चुकवावयाची नाही, असा त्यांचा बाणा होता. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले.

या शाळेची शिकविण्याची पद्धत कशी होती? येथे विद्या लपवून ठेवावयाची नाही, हे तिचे पहिले तत्त्व होते. घराणे न विचारता शिकू इच्छिणारास प्रवेश मिळे. स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. शाळेस वेळापत्रक होते, अभ्यासक्रम होता आणि परीक्षाही होत्या. आज अमुक शिकलो, उद्या तमुक शिकावयाचे आहे, हे विद्यार्थ्यास ठाऊक असे. पूर्वी गाणे केवळ गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जाई. ते कागदावर उतरविता यावे म्हणून पंडितजींनी स्वरांच्या व मात्रांच्या खुणा ठरवून स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली. त्या पद्धतीने त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी पुस्तके प्रसिद्ध केली. ज्यांचे स्वतःचे वाचन अपघाताने अडले होते, त्यांनी इतरांसाठी गाण्याची पुस्तके सिद्ध केली, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या चिजांतील जे शब्द मुलांच्या तोंडी शोभणार नाहीत, ते काढून त्यांच्या जागी भक्तिपर शब्द घालण्यात आले.

शाळा पुष्कळ झाल्या, तरी शिक्षक कोठून आणावयाचे? त्यासाठी पंडितजींनी ‘उपदेशक’ वर्ग काढला. त्यातील विद्यार्थी शाळेतच राहत. त्यांच्या जेवणाखाण्याचा व शिक्षणाचा भार शाळा उचली. त्यांनी ठरलेली वर्षे निष्ठेने शिकावे आणि पुढे ही विद्या इतरांस द्यावी, अशी अट असे. पहाटेचा रियाज, स्वच्छ राहणी आणि निर्व्यसनी वर्तन यांवर पंडितजींचा कटाक्ष होता. प्रत्येक विद्यार्थी थोर गायक होईल, असे ते मानीत नसत. परंतु जाणतेपणाने ऐकणारे श्रोते तयार झाले, तरी संगीताचे मोठेच काम होईल, अशी त्यांची धारणा होती.

१९०८ साली त्यांनी मुंबईत महाविद्यालय सुरू केले. तेथे शाळेची मोठी वास्तू उभी राहिली. पण तिच्यासाठी काढलेले कर्ज फिटेना. पंडितजी गावोगाव जलसे करून पैसा आणीत, तरी तो अपुरा पडे. अखेरीस ती वास्तू लिलावात गेली. आयुष्यभराच्या श्रमांचे दृश्य फळ डोळ्यांदेखत हातचे गेले. पंडितजींनी मग नाशिकच्या आपल्या आश्रमात रामनामाच्या गायनात मन रमविले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेत त्यांनी पहिला स्वर लावला होता, तेथेच त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण शाळा गेली नाही. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षांस आजही देशभरातील विद्यार्थी बसतात. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यास महाविद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर यांनी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन केले. नारायणराव व्यास व प्रा. बी. आर. देवधर यांनीही गुरूंचे कार्य पुढे चालविले.

पंडितजींची बहुतेक अपत्ये बालपणीच दगावली होती. एकुलता मुलगा दत्तात्रेय वडिलांच्या निधनसमयी अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांकडून त्यास फार काळ शिकता आले नाही. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्यास शिकविले आणि डी. व्ही. पलुस्कर या नावाने तो साऱ्या देशास प्रिय असा गायक झाला. वडिलांनी जे हातचे न राखता वाटले होते, तेच त्यांच्या शिष्यांनी हातचे न राखता मुलाच्या पदरात घातले.