शेरशहाचा रुपया

सासारामच्या जहागीरदाराचा पुत्र फरीद यास बापाच्या जहागिरीचा कारभार पाहताना रयतेची दुःखे जवळून कळली. हाच पुढे शेरशहा झाला. १५४० मध्ये कनौज येथे हुमायूनचा पराभव करून त्याने दिल्लीचे तख्त मिळविले.

त्या काळी चांदीत तांबे मिसळलेली हिणकस नाणी चालत. कोणत्या नाण्यात चांदी किती, हे गरीब शेतकऱ्यास उमगत नसे. शेरशहाने ती नाणी बंद करून सुमारे ११.५ ग्रॅम वजनाचा चोख चांदीचा रुपया पाडला. किरकोळ व्यवहारासाठी तांब्याचे वेगळे नाणे काढले.

१५४५ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचा अंत झाला. राज्य अवघे पाच वर्षांचे. परंतु अकबरानेही तोच रुपया पुढे चालविला, आणि रुपया हे नाव आजही आपल्या नाण्यांवर आहे.