खाशाबांच्या बाजूला कोण उभे होते?

वागळे इस्टेट (ठाणे), खास प्रतिनिधी

महाविद्यालयीन कबड्डीच्या सामन्यात एखाद्याचा गुडघा मुरगळला, की मैदानाभोवतीचे दृश्य जवळपास ठरलेले असते. सहकारी त्याला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणतात, कुणी पाणी पाजतो, कुणी वेदनाशामक फवारा मारतो आणि पाच मिनिटांत तो पुन्हा उतरणार का, अशी विचारणा सुरू होते. निर्णय अखेर त्या दुखावलेल्या मुलावरच येऊन पडतो. वागळे इस्टेटपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या खेळाडूंना आणि त्यांच्या पालकांना हा अनुभव नवा नाही. खेळाडूच्या शरीराची काळजी घेणारे जाणते माणूस बाजूला नसण्याची किंमत काय असते, हे समजून घ्यायचे असेल, तर स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या आयुष्याकडे पाहायला हवे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान असल्याने कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना त्यांची कुस्ती बहरली. बेचाळीसच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते दाखल झाले.

कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाचे शहर. तालमीच्या त्या परंपरेत पैलवान कधीच एकटा नसे. वस्ताद केवळ डाव शिकवत नसे. कुणाला किती मेहनत द्यायची, कुणाचा खुराक वाढवायचा, कुणाला आठवडाभर आखाड्याबाहेर बसवायचे, हेही तोच ठरवी. मेहनतीनंतरची मालिश हा नित्यक्रमच होता. आखाड्यातली तेल, ताक आणि हळद घातलेली तांबडी माती अंगाला जपते, अशी पैलवानांची श्रद्धा होती. सांधा निखळला तर हाडवैद्य जवळच असे. या सगळ्याला आजचे वैद्यकशास्त्र मान्यता देईलच असे नाही. परंतु पैलवानाच्या शरीराची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची असते, ही समज त्यात होती.

खाशाबा या जगातून उठून एकदम ऑलिंपिकच्या जगात गेले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या खर्चाचा भार उचलला. तिथे माती नव्हती, मॅट होती. नियम आंतरराष्ट्रीय आणि गुणांवर आधारलेले होते. अमेरिकेचे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन या स्पर्धेपूर्वी त्यांना लाभले आणि फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले. मॅटवर नवख्या असलेल्या बावीस वर्षांच्या महाविद्यालयीन तरुणासाठी ही कामगिरी मोठीच होती. योग्य माणूस योग्य वेळी भेटला तर काय होऊ शकते, याची ती पहिली खूण होती.

पुढची चार वर्षे खाशाबांनी हेलसिंकीचा ध्यास घेतला. या वेळी त्यांनी वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरायचे ठरवले. निवडीच्या वेळी संधी हुकल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि ती त्यांनी जिंकली. मग प्रश्न आला पैशांचा. राजाराम महाविद्यालयाच्या तत्कालीन प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही जमेल तशी मदत केली. महाविद्यालय आपल्या खेळाडूसाठी काय करू शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात सापडणे कठीण.

हेलसिंकीत जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना नमवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची लढत दीर्घकाळ चालली आणि इशी विजयी झाले. त्या दमछाकीनंतर लगेचच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याची तरतूद होती. मात्र ती मागण्यासाठी भारतीय पथकातील कुणीही अधिकारी तेव्हा तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेल्या खाशाबांचा पराभव झाला. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु लढत संपलेल्या मल्लाची अवस्था ओळखणारा, नियम ठाऊक असलेला आणि पंचांपुढे उभा राहून वेळ मागणारा कुणी त्या क्षणी तिथे असायला हवा होता, यात शंका नाही. घर गहाण ठेवून तिकिटाची सोय करता आली. मॅटच्या कडेला उभा राहणारा माणूस मात्र त्या पैशांत आला नव्हता.

कऱ्हाडला परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकवर त्यांची नजर होती. तेवढ्यात गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसऱ्या ऑलिंपिकचे स्वप्न तिथेच संपले. तेव्हा ते तिशीत होते.

गुडघ्याच्या दुखापतीवर तेव्हाचे उपचार मर्यादित होते, हे खरेच. पण त्याच सुमारास जगात अन्यत्र या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले होते. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या संघांबरोबर प्रशिक्षकाखेरीज ट्रेनर नावाचा स्वतंत्र माणूस असे. प्रशिक्षक खेळ शिकवी, ट्रेनर खेळाडूचे शरीर सांभाळी. हेलसिंकीच्या दोनच वर्षे आधी, १९५० साली, या ट्रेनर मंडळींनी कॅन्सस सिटी येथे आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९९० मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेने या कामाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली.

या माणसाचे काम दिसायला साधे असते. हंगामापूर्वी तो प्रत्येकाच्या जुन्या दुखापतींची नोंद करतो. अशक्त स्नायूंसाठी व्यायाम ठरवून देतो, सामन्याआधी घोट्याला आणि बोटांना पट्ट्या बांधतो. मैदानात कुणी कोसळले तर साधी मुरगळ, स्नायुबंध तुटणे आणि अस्थिभंग यांतला फरक ओळखून पुढे डॉक्टरांकडे पाठवतो. डोक्याला मार लागून भोवळ आली, तर त्या दिवशी खेळ बंद, हे तो ठणकावून सांगतो. गुडघ्यातील स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला परतायला नऊ महिने वा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. त्या काळात रोजचा व्यायाम करून घेणारा आणि घाई करणाऱ्याला आवरणारा तोच असतो. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, खेळाडूला बाहेर बसायचे नसते. नाही म्हणण्याचा अधिकार असलेला तिसरा माणूस म्हणूनच लागतो.

खाशाबांनी पोलीस दलात सुमारे सत्तावीस वर्षे सेवा केली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १९८२च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेच्या ज्योत-दौडीत त्यांचा सहभाग होता. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. मानसन्मान आले ते त्यानंतर. त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेवेळी दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचे ठरवले. हेलसिंकीनंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यासाठी १९९६ उजाडावे लागले. अटलांटात लिअँडर पेसने ते मिळवले, तोवर ४४ वर्षे उलटली होती.

राज्य क्रीडा दिनी महाविद्यालयांत खाशाबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, ते योग्यच आहे. त्यांच्या स्मृतीला साजेसे आणखी एक काम मात्र महाविद्यालयांच्या हाती आहे. प्रत्येक महाविद्यालयाला पूर्णवेळ ट्रेनर परवडणार नाही; पण शेजारची तीन-चार महाविद्यालये मिळून एक प्रशिक्षित फिजिओ नेमू शकतात. निदान सामन्याच्या दिवशी तो मैदानावर असेल, असा नियम करू शकतात. गणवेश, चषक आणि प्रवासभत्ता यांच्या यादीत ही एक ओळ वाढवायची आहे. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी एका विद्यार्थ्यासाठी आपले घर पणाला लावले होते. त्या मानाने ही मागणी फारच लहान आहे.